पाळणाघरात ओझोनचे पाणी : जून ते सप्टेंबर २०२४ च्या नोंदी

२ जून, रविवार

पुण्यातील वाघोलीत आमच्या घराच्या तळमजल्यावर पत्नी गेली अकरा वर्षे पाळणाघर चालवते. सध्या चौदा मुले आहेत. त्यांच्यासाठी दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक न्हाणीघर आहे. रोज पुसावे लागणारे पृष्ठभाग म्हणजे जेवणाची चार बुटकी टेबले, बाळांचे कपडे बदलण्याचा रेक्झीनचा पलंग, काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचे सिंक आणि फरशी. आजवर हे सर्व आधी साबणाने आणि नंतर पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने पुसले जात असे. मे महिन्यात मदतनीस मावशींनी न्हाणीघरात संडास धुण्याचे अ‍ॅसिड टाकले आणि ते पुरते वाहून जाण्याआधीच त्यावर ब्लीचचे पाणी ओतले. या दोहोंच्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो. मावशींना दोन दिवस खोकला झाला. त्यांच्या हातांची साले तर त्याआधीपासूनच निघत होती. मुले त्या वेळी झोपली होती आणि न्हाणीघराचे दार बंद होते, म्हणून थोडक्यात निभावले.

मी दोन वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागातून निवृत्त झालो. ब्लीचला पर्याय म्हणून ओझोनचे पाणी, म्हणजे ओझोन हा जंतू मारणारा वायू विरघळवलेले पाणी, वापरून पाहू, असे मीच सुचवले आणि भाज्या-फळे धुण्यासाठी मिळणारे एक यंत्र ३,४५० रुपयांना मागवले. ताशी ४०० मिलिग्रॅम ओझोन, आतच हवेचा पंप, बाहेर एक नळी आणि नळीच्या टोकाला मत्स्यालयात असतो तसा सच्छिद्र दगड, असे त्याचे स्वरूप आहे. सर्व जंतू दहा मिनिटांत नाहीसे होतात, असे खोक्यावर छापलेले आहे.

पत्नीने पहिल्याच दिवशी एक अट घातली. जो काही प्रयोग करायचा तो संध्याकाळी साडेसहाला शेवटचे मूल घरी गेल्यानंतरच, आणि खिडक्या उघड्या ठेवून. ही अट आजतागायत पाळली आहे.

५ जून, बुधवार

पहिला प्रयोग केला. पाच लिटर पाण्याच्या बादलीत दगड सोडून यंत्र पंधरा मिनिटे चालवले आणि ते पाणी फवारणीच्या बाटलीत भरून ओटा पुसला. स्वयंपाकघरात वीज चमकून गेल्यावर येतो तसा तीव्र वास पसरला होता, त्यावरून पाणी चांगलेच ‘कडक’ झाले असावे असे मी गृहीत धरले. ही माझी पहिली चूक, आणि पुढील बहुतेक चुकांचे मूळही तीच.

नाकाला जाणवणारा ओझोन हा पाण्यात न विरघळता हवेत निसटलेला ओझोन असतो. वास जितका जास्त, तितका माल वाया. रसायनशास्त्रज्ञ शोनबाइनने १८४० मध्ये या वायूला ग्रीक भाषेतील ‘वास येणे’ या अर्थाच्या शब्दावरून नाव दिले, तेव्हा वासावरून त्याची ओळख पटवण्याचा मोह जुनाच म्हणायचा. त्यातही नाक काही मिनिटांत सरावते आणि वास कमी झाल्यासारखा वाटतो, हवेतील प्रमाण मात्र वाढतच असते. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ०.१ पीपीएम (दहा लाख भागांत ०.१ भाग) ही मर्यादा अमेरिकेत पाळली जाते. मी एक्झॉस्ट पंखा सुरू न करता त्या खोलीत वीस मिनिटे उभा होतो. रात्री घसा खवखवत होता आणि डोके जड झाले होते. खोकल्याचे कारण ठरले म्हणून ब्लीच काढायला निघालो होतो, याची आठवण पत्नीने करून दिली.

९ जून, रविवार

वासाचा भरवसा नाही म्हटल्यावर मोजणे आले. पोहण्याच्या तलावाचे पाणी तपासतात त्या डीपीडी गोळ्यांचा संच १,२०० रुपयांना आणला. दहा मिलिलिटर पाण्यात गोळी विरघळवायची आणि आलेला गुलाबी रंग तक्त्याशी जुळवायचा. तक्ता क्लोरीनसाठी असतो, त्यामुळे ओझोनचा आकडा हवा असल्यास तो ०.६८ ने गुणावा लागतो.

पहिलाच आकडा १.० आला, म्हणजे ओझोन ०.६८. मी खूश होऊन सलग चार दिवस रोज दोनदा आकडे वहीत लिहीत राहिलो.

१३ जून, गुरुवार

वहीतील आठही आकडे रद्द केले. आज यंत्राची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये नीट बसलीच नव्हती, आणि तरीही पाणी गुलाबी झाले. टँकरवाला पाण्यात क्लोरीन टाकतो आणि डीपीडी क्लोरीनलाही तोच रंग देते. म्हणजे पाच दिवस मी मुख्यतः टँकरचे पाणी मोजत होतो. कारखान्यात तीस वर्षे ‘आधी शून्य तपासा’ असे नव्या मुलांना सांगत आलेल्या माणसाकडून हे घडले, याची नोंद येथे राहू द्यावी.

आता पद्धत अशी ठेवली आहे की यंत्र सुरू करण्याआधी एक चाचणी, थांबवताच दुसरी आणि तासाभराने तिसरी. ओझोन तासाभरात जवळपास नाहीसा होतो, क्लोरीन बऱ्यापैकी टिकून राहतो. तिसऱ्या चाचणीतही रंग तितकाच राहिला, तर तो ओझोन नव्हता असे समजायचे. त्याहून सोपा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातील आरओचे पाणी घेणे, कारण त्यातील कार्बनच्या गाळणीतून जाताना क्लोरीन निघून जातो आणि सुरुवातीचा आकडा शून्य येतो.

आरओच्या पाण्यात बादलीतील खरा आकडा ०.३ पीपीएम निघाला.

१६ जून, रविवार

हा दिवस केवळ हिशेबात आणि मोजमापात गेला, परंतु पूर्ण महिन्यात सर्वांत उपयोगी तोच ठरला.

यंत्र ताशी ४०० मिलिग्रॅम ओझोन बनवते असे मान्य केले, तरी त्याचा पंप मिनिटाला सुमारे दोन लिटर, म्हणजे तासाला १२० लिटर हवा फेकतो. म्हणजे एक लिटर हवेत ३.३ मिलिग्रॅम ओझोन झाला. पंचवीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात ओझोनचे प्रमाण त्याच्यावरील वायूतील प्रमाणाच्या साधारण पाव पटीपर्यंतच चढू शकते. म्हणजे यंत्र रात्रभर चालवले तरी पाणी ०.८ पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे ०.८ मिलिग्रॅमच्या, पुढे जाणार नाही. उथळ बादलीत मोठे बुडबुडे दोन सेकंदांत वर येऊन फुटतात, त्यामुळे तेवढेही होत नाही.

त्यानंतर ०.३ चे हे पाणी ओट्यापर्यंत पोहोचते तेव्हा त्यात काय उरते, ते पाहिले. बाटलीने बारीक तुषार मारून ते वाटीत गोळा केले, तर रंग जेमतेम दिसेल इतका, म्हणजे ०.०५ च्याही खाली. तुषारांतून ओझोन हवेत उडून जातो आणि तो आपल्या नाकात येतो. सुती फडके त्या पाण्यात बुडवून पिळले आणि पिळलेले पाणी तपासले, तर शून्य. सूत आणि त्यात अडकलेला जुना साबण मिळून ओझोन खाऊन टाकतात. भांड्याने पाणी हळूच ओट्यावर ओतले आणि ड्रॉपरने परत उचलून तपासले, तर ०.२५.

म्हणजे गेले अकरा दिवस आम्ही बाटली आणि फडके वापरून साध्या पाण्याने ओटा पुसत होतो. बाटली बाजूला ठेवली.

१९ जून, बुधवार

यंत्र बंद पडले, आणि तेही पूर्णपणे माझ्या हातून.

बादली ओट्यावर होती आणि यंत्र खाली स्टुलावर. यंत्र थांबताच पंपाचा दाब गेला आणि बादलीतील पाणी नळीतून उलटे वाहत थेट यंत्रात शिरले. मला ते कळलेच नाही. दुसऱ्यांदा बटण दाबले तेव्हा आत चटचट आवाज झाला आणि जळका वास आला. आतील नळीत काही हजार व्होल्टचा विद्युतविसर्ग होत असतो, तेथे पाणी म्हणजे संपलेच. सुदैवाने माझा हात बटणाच्या प्लॅस्टिकवर होता.

हे यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाने दोन गोष्टी पहिल्या दिवशीच कराव्यात. यंत्र पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावे आणि नळीत एकाच दिशेने वाहू देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. हा व्हॉल्व्ह साठ रुपयांचा आहे, आणि तो नसल्यामुळे मला ९०० रुपये दुरुस्ती आणि अकरा दिवस मोजावे लागले. दुरुस्तीसाठी लागणारा हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर बुधवार पेठेत सापडला. तो शोधायला पासोड्या विठोबापासून तपकीर गल्लीपर्यंत दोन फेऱ्या झाल्या.

३० जून, रविवार

यंत्र पुन्हा सुरू केले. दुरुस्तीसाठी उघडले तेव्हा आणखी दोन गोष्टी दिसल्या होत्या.

पहिली गोष्ट अशी की नळी जोडायच्या पितळी निपलवर हिरवट, चिकट थर जमला होता. पावसाळी दमट हवा विद्युतविसर्गातून गेली की ओझोनबरोबर नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात, आणि ओलाव्याशी मिळून त्यांचे नायट्रिक अ‍ॅसिड होते. त्यामुळे ओझोनही कमी होतो आणि धातूही खाल्ला जातो. पहिला पाऊस पडल्यापासून आकडे का घसरत होते, याचा उलगडा तेथे झाला. हवा आत शिरते त्या तोंडाला सिलिका जेल भरलेली बाटली जोडली. बाटली आणि जेल मिळून ३५० रुपये झाले. जेल नारिंगी रंगाची घेतली, कारण निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते आणि पाळणाघरात ते नको. नारिंगी मणी हिरवे पडले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. त्यासाठी एक जुनी कढई कायमची वेगळी काढली.

दुसरी गोष्ट म्हणजे मी मधे जोडलेला रबरी तुकडा वाकवताच त्याला आडव्या बारीक भेगा दिसल्या. साधे रबर ओझोनसमोर तीन-चार आठवडेही टिकत नाही. सर्व नळ्या सिलिकॉनच्या केल्या. तीन मीटर नळीला २४० रुपये लागले. पितळी निपलच्या जागी प्लॅस्टिकचा बसवला.

जेल लावल्यानंतर त्याच बादलीत, त्याच पाण्यात आकडा ०.३ वरून ०.४ झाला.

७ जुलै, रविवार

बुडबुड्यांना पाण्यात जास्त वेळ राहता यावे म्हणून चार इंची पीव्हीसी पाइपचा उभा स्तंभ केला. खाली टोपी, बुडाशी प्लॅस्टिकचा नळ, वर झाकण आणि झाकणातून उरलेला वायू बाहेर नेणारी नळी. पाइप, टोप्या, नळ आणि सोल्यूशन मिळून ७८० रुपये झाले. उंची सव्वा मीटर ठेवली, कारण जितके उंच तितके चांगले असे वाटले.

पाणी भरून यंत्र सुरू केले तर एकही बुडबुडा आला नाही. सव्वा मीटर पाण्याचा दाब त्या इवल्या पंपाच्या आवाक्याबाहेर होता. पाणी थोडे थोडे सोडत गेलो तेव्हा ऐंशी सेंटिमीटरपाशी एखाददुसरा बुडबुडा निघाला आणि सत्तरपाशी व्यवस्थित फेस दिसू लागला. शेवटी पाइप कापला. आता त्यात सुमारे सहा लिटर पाणी मावते. हा पंप कितपत उंचीवर चालतो ते बादलीत काठी घालून आधीच पाहता आले असते, पाइप आणण्याची घाई नडली.

वीस मिनिटांनंतर ०.५ पीपीएम.

१४ जुलै, रविवार

थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो, म्हणून आरओचे सहा लिटर पाणी आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवले आणि पंधरा अंशांवर असताना स्तंभात भरले. आकडा ०.७ आला. तीच चाचणी टँकरच्या पाण्यावर केली तर रंग वाढला खरा, पण दहा मिनिटांत तो वाढीव रंग निम्म्यावर आला. आरओच्या पाण्यात निम्मे व्हायला पंचवीस मिनिटे लागली. आमच्या टँकरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ९०० च्या आसपास आहे आणि ते अल्कधर्मी आहे. अशा पाण्यात ओझोन लवकर मोडतो.

थोडक्यात, हे पाणी बाटलीत भरून फडताळात ठेवण्याची वस्तू नव्हे. तयार झाल्यापासून दहा मिनिटांच्या आत ते पृष्ठभागावर गेले पाहिजे.

आमच्या सोसायटीत करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर धूळ खात पडला आहे. त्याचा ऑक्सिजन यंत्राला दिला तर ओझोन कितीतरी वाढेल हे मला ठाऊक आहे, आणि शेजारच्यांनी तो देऊही केला होता. मी तो घेतला नाही. उरलेला वायूही तितकाच तीव्र होतो. तो शोषण्यासाठी कार्बन लावावा, तर ऑक्सिजनने भरलेल्या वायूतील ओझोनने कार्बन पेट घेऊ शकतो. जेथे मुले झोपतात तेथे असले काही नको.

२१ जुलै, रविवार

झाकणातून निघणारी नळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर सोडली होती. तिच्याखाली पत्नीची तुळशीची कुंडी आहे. आज तिने मला बोलावून पाने दाखवली. वरच्या बाजूला बारीक, फिकट तपकिरी ठिपके पडले होते. मागच्या बाजूला कीड नव्हती, म्हणजे हे बहुधा ओझोनचेच काम. नळी छपराच्या पन्हाळीपर्यंत वर नेली.

४ ऑगस्ट, रविवार

मधले दहा दिवस पावसाने काहीच झाले नाही. २५ जुलैला पुण्यात पाणी भरले त्या दिवशी पाळणाघर बंदच होते.

या काळात एक वेगळे साधन मागवले होते. विद्युत अपघटनाने थेट बाटलीतच ओझोन तयार करणारी फवारणीची बाटली, किंमत २,६०० रुपये. नळाचे पाणी भरा, बटण दाबा आणि एका मिनिटात वापरा, असे तिच्यासोबतच्या पत्रकात लिहिले होते. टँकरचे पाणी भरून बटण दाबल्यावर डीपीडीचा रंग तक्त्याच्या वरच्या टोकाला गेला. दोन महिन्यांच्या खटपटीवर एका मिनिटात पाणी फिरले, असे क्षणभर वाटले.

जूनची आठवण होती म्हणून तासाभराने पुन्हा तपासले. रंग जवळपास तितकाच होता. रात्रभर झाकून ठेवले, सकाळीही गुलाबी. टँकरच्या खारट पाण्यातील क्लोराइडपासून ही बाटली मुख्यतः क्लोरीनच बनवत होती, म्हणजे घरच्या घरी पातळ ब्लीच. ते जंतू मारील यात शंका नाही, पण ब्लीचपासून सुटका हवी म्हणून २,६०० रुपये देऊन ब्लीचचे यंत्र घेतल्यासारखे झाले. आरओचे पाणी भरले तर आकडा बेताचा आला, आणि तासाभराने शून्य झाला, म्हणजे तो ओझोन खरा होता. मात्र फवारा मारताच पुन्हा तीच जुनी गळती.

थोड्या दिवसांच्या वापरात बाटलीच्या इलेक्ट्रोडवर पांढरा क्षारही धरला. लिंबूफुलाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवल्यावर तो निघाला. ही बाटली आता कपाटात आहे.

११ ऑगस्ट, रविवार

आतापर्यंत पाण्याचाच विचार झाला, पृष्ठभागाचा नाही. कपडे बदलण्याच्या पलंगावर मालिशच्या खोबरेल तेलाचा पातळ थर असतो. त्यावर ०.७ चे पाणी ओतले तर ते मोत्यांसारखे गोळा होऊन घरंगळले आणि ड्रॉपरने उचललेल्या थेंबांत काहीच उरले नव्हते. तेल तर जागच्या जागी. जेवणाच्या टेबलावर वरण सांडलेले होते, तेथेही तेच. ओझोनमध्ये मळ सुटा करणारे काही नाही. तेल, पीठ, दूध, लाळ जे समोर येईल त्यावर तो खर्च होतो आणि जंतूंपर्यंत पोहोचायच्या आत संपतो. साबण नीट धुतला गेला नसेल, तर तो साबणावरही संपतो.

मावशींची तक्रार निराळी होती. “दादा, ह्याला फेस नाही, वास नाही, मग पुसल्यासारखं वाटायचं कसं?” तक्रार रास्त होती. त्या पाण्यावर विश्वास ठेवून साबण सोडून द्यायचा, असे मी त्यांना जूनमध्ये सांगितले होते, आणि त्यांनी माझे न ऐकता साबण चालूच ठेवला होता, हे आज कळले. चांगलेच केले.

१८ ऑगस्ट, रविवार

काल मुलांची जेवणे झाल्यावर एका टेबलावर चिकटपट्टीने चार सारखे चौकोन आखले. पहिला तसाच ठेवला. दुसऱ्यावर थेट ओझोनचे पाणी ओतून एक मिनिट ठेवले. तिसरा साबणाने धुऊन साध्या पाण्याने पुसला. चौथा साबणाने धुतला, साध्या पाण्याने साबण काढला आणि मग ओझोनचे पाणी ओतून एक मिनिट ओला ठेवला. चारही ठिकाणचे स्वॅब एका खासगी प्रयोगशाळेत दिले. प्रत्येकी ७५० प्रमाणे ३,००० रुपये झाले. स्वॅबच्या द्रवात सोडियम थायोसल्फेट घाला असे सांगावे लागले, नाहीतर उरलेला ओझोन वाटेतही काम करत राहतो आणि आकडा खोटा दिसतो.

२५ ऑगस्ट, रविवार

अहवाल आला. पहिल्या आणि दुसऱ्या चौकोनात सांगण्यासारखा फरक नाही. तिसऱ्यात, म्हणजे नुसत्या साबणाने, जंतूंच्या वसाहती फार मोठ्या प्रमाणात घटल्या. चौथा तिसऱ्याहून कमी आहे, पण एका टेबलावरच्या एका चाचणीतून तेवढ्या फरकावर पैज लावण्याची माझी तयारी नाही. पत्नीने अहवाल वाचून “म्हणजे मावशी बरोबर होत्या” एवढेच म्हटले.

१ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर एकच क्रम पाळला, तो येथे लिहून ठेवतो. साडेसहाला खिडक्या आणि एक्झॉस्ट सुरू होतात. मावशी टेबले, पलंग आणि ओटा साबणाने घासून साध्या पाण्याने धुतात आणि छोट्या वायपरने पाणी ओढतात. तोवर स्तंभात वीस मिनिटे होऊन गेलेली असतात. मी यंत्र बंद करतो, दोन मिनिटे थांबतो आणि बुडाच्या नळाने स्टीलच्या तपेलीत पाणी काढतो. वरून धार सोडली की पाणी खळबळते आणि ओझोन उडतो, म्हणून तपेली नळाला टेकवून धरायची. मग पाणी पृष्ठभागावर हळूच पसरायचे आणि मिनिटभर ओले राहू द्यायचे. फडके लावायचे नाही. घड्याळ बघायला हात ओले असतात, म्हणून मावशींनी मुलांना शिकवता शिकवता पाठ झालेले बाराचा आणि तेराचा असे दोन पाढे सावकाश म्हणायचे ठरवले आहे. दोन्ही मिळून मिनिटाच्या वर थोडे जाते. नंतर वायपरने पाणी ओढून तसेच वाळू द्यायचे.

सहा लिटर पाणी चार टेबले, पलंग आणि ओट्याला पुरते. फरशीला पुरत नाही आणि तो नाद मी सोडला. फरशी साबणाच्याच पाण्याने पुसली जाते.

उलटी, जुलाब किंवा रक्त असेल तर ओझोन नाही, ब्लीचच. आधी कागदाने उचलायचे, साबणाने धुवायचे, मग चार टक्क्यांच्या ब्लीचचे २५ मिलिलिटर एक लिटर पाण्यात घालून, म्हणजे साधारण १,००० पीपीएमचे पाणी लावून दहा मिनिटे ठेवायचे. ०.७ पीपीएमवर अशा वेळी विसंबण्याइतके माझे धाडस नाही. ब्लीच आणि अ‍ॅसिड आता दोन वेगळ्या कपाटांत असतात, आणि अ‍ॅसिडच्या कपाटाची किल्ली पत्नीकडे असते.

१५ सप्टेंबर, रविवार

गणपतीची सुट्टी ७ तारखेपासून काही दिवस होती. यंत्र आठवडाभर बंद राहिल्यावर पहिल्या दिवशी आकडा ०.४ च आला. सिलिका जेल पूर्ण हिरवी झाली होती, कारण बाटलीचे तोंड मी उघडेच ठेवले होते. मणी परतल्यावर ०.६ झाला. आता यंत्र बंद असताना तोंडाला बूच लावतो.

खर्चाची बेरीज केली. यंत्र ३,४५०, गोळ्या १,२००, दुरुस्ती ९००, व्हॉल्व्ह ६०, नळ्या २४०, जेल ३५०, स्तंभ ७८०, कपाटातली बाटली २,६०० आणि स्वॅब ३,०००, एकूण १२,५८० रुपये. पूर्वी ब्लीचला महिन्याला साधारण २२० रुपये लागत असत, म्हणजे जवळपास पाच वर्षांचे ब्लीच. पैसे वाचवायला कोणी यात पडू नये. मला पुन्हा करायचे झाले, तर बाटली आणि पहिल्या चार दिवसांचे आकडे वगळून बाकी सारे तसेच करीन. ते ६,९८० रुपयांत बसले असते, स्वॅबचे पैसे सोडून.

ब्लीचची पाच लिटरची कॅन पूर्वी महिनाभरात संपत असे. जुलैच्या शेवटी उघडलेली अजून अर्ध्याहून जास्त भरलेली आहे. मावशींच्या हातांची साले निघणे थांबले आहे, पण त्यात ओझोनचा वाटा किती आणि त्यांना आणून दिलेल्या हातमोज्यांचा किती, हे सांगता येत नाही. तुळशीला नवी पाने आली आहेत, त्यांवर ठिपके नाहीत.

डीपीडीच्या एकवीस गोळ्या शिल्लक आहेत. रोजऐवजी आता दर सोमवारी एकच चाचणी करायची, आणि यंत्र सुरू करण्याआधीची शून्याची चाचणी महिन्यातून एकदा. पुढच्या रविवारी दगड बदलायचा आहे. त्याच्या एका बाजूने मोठे बुडबुडे येऊ लागले आहेत.